यांत्रिक होड्यांच्या इंधनटाक्या व गाळण्या : दूषणाची कारणे आणि उपाय

सातारा व सांगली हे जिल्हे समुद्रापासून दूर असले, तरी येथील कित्येक गावांचा आधार होडी हाच आहे. १९६० नंतरच्या दशकात कोयना धरण पूर्ण झाले आणि त्यामागे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा शिवसागर जलाशय पसरला. खोऱ्यातील जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. जावळी तालुक्यातील बामणोली, महाबळेश्वर तालुक्यातील तापोळा आणि पलीकडील कांदाटी खोऱ्यातील गावे यांचा परस्परांशी संबंध तेव्हापासून बव्हंशी लाँचने राहिला. बाजारहाट, शाळा, दवाखाना, सर्व कामांसाठी पाणी ओलांडावे लागते.

सांगली जिल्ह्यातील गरज निराळी आहे. पलूस, वाळवा, मिरज व शिराळा या तालुक्यांतील कृष्णा-वारणाकाठच्या गावांना होडी वर्षातून थोडे दिवसच लागते. परंतु ज्या दिवशी लागते, त्या दिवशी तिच्यावाचून दुसरा मार्ग नसतो. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांनी हे दाखवून दिले आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरात नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. नावेची सिद्धता किती अगोदरपासून करावयास हवी, याचे भान त्या दुर्घटनेने सर्वांस दिले. या सिद्धतेत माणसांचा भार, जीवरक्षक जाकिटे, कसलेला चालक व निर्दोष यंत्र ही सर्व अंगे येतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच अंगाचा, म्हणजे यंत्राला मिळणाऱ्या इंधनाच्या शुद्धतेचा विचार केला आहे.

जुन्या होडीचे यंत्र ऐन वेळी बंद पडले, की बहुधा गाळणी, म्हणजे फिल्टर, बदलला जातो. यंत्र काही वेळ चालते व पुन्हा बंद पडते. याचे कारण असे की, गाळणी चोंदणे हे रोगाचे लक्षण आहे. रोग टाकीत असतो. टाकी स्वच्छ केल्यावाचून कितीही गाळण्या बदलल्या, तरी तो खर्च वाया जातो.

टाकीत पाणी व गाळ कोठून येतात?

पाणी शिरण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत :

१. टाकीच्या झाकणाखालील रबरी चकती झिजलेली असल्यास पावसाचे पाणी आत उतरते. पाटण, जावळी व महाबळेश्वर या भागांतील पावसात हा मार्ग सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

२. टाकीला हवा मिळावी म्हणून ठेवलेल्या नळीचे तोंड वर किंवा लाटेच्या बाजूस असेल, तर त्यातून तुषार आत जातात.

३. पंपावरून कॅनमधून आणलेले इंधन उघड्या नरसाळ्याने ओतताना पाणी, धूळ व गवताच्या काड्या त्याबरोबर जातात.

४. टाकी अर्धी रिकामी राहिली, तर रिकाम्या जागेत दमट हवा भरते. दिवसाच्या उष्णतेनंतर रात्री गारवा आला, की त्या हवेतील बाष्प टाकीच्या पत्र्यावर दवाप्रमाणे जमते व खाली ओघळते. या मार्गाने येणारे पाणी थोडे असते. पण होडी महिनोन् महिने उभी राहिली, तर तेही साचत जाते.

गाळ मात्र पुष्कळदा टाकीतच तयार होतो. लोखंडी टाकी आतून गंजते व गंजाची पूड तळाशी बसते. जुन्या रबरी नळ्यांचा आतील थर सुटून त्याचे कण इंधनात मिसळतात. फार दिवस राहिलेले इंधन हवेच्या संयोगाने बिघडते आणि त्याचा डिंकासारखा चिकट थर सर्वत्र बसतो.

दोष पुरातच का उघडकीस येतो?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते, तर एक लिटर डिझेलचे साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम. पेट्रोल त्याहूनही हलके असते. त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी इंधनाच्या खाली, अगदी तळाशी जाऊन बसते. यंत्राकडे इंधन नेणाऱ्या नळीचे तोंड तळापासून थोडे वर ठेवलेले असते. होडी शांत पाण्यावर असेपर्यंत नळी वरचे स्वच्छ इंधन ओढते आणि खालचे पाणी व गाळ जेथल्या तेथे राहतात. यंत्र उत्तम चालते व टाकी स्वच्छ आहे असा समज होतो.

पुराच्या ओढीत किंवा जलाशयावरील वाऱ्यात होडी डोलू लागली, की तळचा सर्व साठा ढवळला जातो व नळीच्या तोंडाशी येतो. त्याच वेळी यंत्रावर भार अधिक असतो व इंधनाची ओढही वाढलेली असते. अशा रीतीने, जेव्हा यंत्राची खरी गरज असते, नेमक्या त्याच क्षणी ते दगा देते. यास्तव काठाशी बांधलेल्या होडीचे यंत्र पाच मिनिटे चालवून पाहणे ही टाकीची परीक्षा नव्हे.

डिझेलमधील शेवाळसदृश वाढ

शिवसागरावरील लाँचसारख्या मोठ्या होड्यांत सामान्यतः डिझेल यंत्रे असतात. डिझेलच्या टाकीत पाणी असेल, तर दोहोंच्या सांध्यावर सूक्ष्म बुरशी व जिवाणू वाढतात. हे जीव पाण्यात राहतात व डिझेलवर पोसतात. त्यांची काळसर किंवा तपकिरी, बुळबुळीत साय तयार होते. लोक तिला शेवाळ म्हणतात. परंतु शेवाळाला प्रकाश लागतो, या बुरशीला तो लागत नाही. ही साय तुटून गाळणीवर बसली, की गाळणी थोड्याच वेळात बंद होते. शिवाय या जीवांपासून आम्ले निर्माण होतात व ती टाकीचा पत्रा आतून खातात.

बुरशी मारणारी औषधे बाजारात मिळतात. त्यांचे प्रमाण डब्यावरील सूचनेप्रमाणेच ठेवावे. परंतु घाण तशीच ठेवून केवळ औषध ओतल्यास मेलेली साय सुटून येते आणि गाळण्या पूर्वीपेक्षा लवकर चोंदतात. म्हणून प्रथम टाकी धुवावी व औषध मागाहून वापरावे. पाणी नसेल तर ही वाढ होत नाही. त्यामुळे पाणी काढून टाकणे हाच मूळ उपाय होय.

पेट्रोलमधील इथेनॉल व पाणी

पूरकाळात वापरावयाच्या लहान होड्यांच्या मागील फळीवर अडकविलेली यंत्रे बहुतेक पेट्रोलवर चालतात. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. कृष्णाकाठच्या उसापासूनही हे इथेनॉल तयार होते, त्यामुळे येथील शेतकऱ्यांस ते अपरिचित नाही. मोटारसायकलीतील पेट्रोल चार-आठ दिवसांत खर्च होते. तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. वर्षभर उभ्या राहणाऱ्या होडीत मात्र तो उद्भवतो.

इथेनॉल पाणी शोषून घेते. काही मर्यादेपर्यंत हे पाणी पेट्रोलात विरघळलेले राहते. मर्यादा ओलांडली, की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलापासून वेगळे होतात व तळाशी बसतात. हा तळचा थर यंत्रात गेल्यास यंत्र बंद पडते. वर राहिलेल्या पेट्रोलातील इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचाही कस उतरतो. एकदा थर वेगळे झालेले पेट्रोल हलवून किंवा त्यात नवे पेट्रोल मिसळून सुधारत नाही. ते यंत्रात वापरू नये.

दुसरी गोष्ट अशी की, इथेनॉलमुळे जुन्या टाकीच्या भिंतींवरील चिकट थर सुटतो व तो गाळणीत आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन अडकतो. जुन्या घडणीच्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात किंवा त्यांना चिरा जातात. काचतंतूच्या जुन्या टाक्यांतील राळही इथेनॉलने मऊ पडण्याचा संभव असतो. म्हणून अशा होड्यांच्या नळ्या इथेनॉलयुक्त पेट्रोलास टिकणाऱ्या जातीच्या बसवाव्यात आणि काचतंतूच्या जुन्या टाकीऐवजी नवी टाकी बसविणे श्रेयस्कर.

दूषण ओळखण्याची परीक्षा

यंत्र सहज सुरू होते, पण भार येताच दम टाकते. फेरे आपोआप कमीजास्त होतात. बंद पडल्यावर थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू होते, ही इंधन अडल्याची लक्षणे होत. नेमका दोष शोधण्यासाठी पुढील तीन परीक्षा क्रमाने कराव्यात. त्यांस विशेष साधने लागत नाहीत.

*हवेच्या नळीची परीक्षा.* यंत्र दम टाकू लागताच टाकीचे झाकण सैल करावे. आत हवा खेचली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला व यंत्र सुधारले, तर हवेची नळी बुजली आहे असे समजावे. कुंभारीण माशीचे मातीचे घरटेही या नळीत आढळू शकते. हातटाकी असल्यास तिच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे ना, हे प्रथम पाहावे.

*बाटलीची परीक्षा.* टाकीच्या अगदी तळातून हातपंपाने थोडे इंधन काढून स्वच्छ, पारदर्शक काचेच्या बाटलीत भरावे. बाटली अर्धा तास स्थिर ठेवावी. चांगले इंधन स्वच्छ व पारदर्शक दिसते. तळाशी निराळा थर किंवा थेंब दिसल्यास ते पाणी होय. इंधन दुधाळ दिसल्यास त्यात पाणी बारीक कणांच्या रूपाने मिसळलेले आहे. लालसर पूड हा गंज, आणि काळे बुळबुळीत तुकडे ही बुरशीची साय समजावी.

*वेगळ्या डब्याची परीक्षा.* टाकीची नळी सोडवून यंत्राला स्वच्छ डब्यातील ताजे इंधन द्यावे. यंत्र भारावर नीट चालले, तर दोष टाकीत किंवा टाकीपासून येणाऱ्या नळीत आहे. तरीही चालले नाही, तर यंत्रावरील गाळणी, कार्बोरेटर किंवा डिझेलचा पंप यांकडे लक्ष द्यावे.

टाकी स्वच्छ करण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी सुरक्षिततेचे नियम पाळावेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व होडीच्या तळाशी साचून राहते. ती डोळ्यांस दिसत नाही, पण एका ठिणगीने पेट घेते. यासाठी होडी काठावर उघड्या जागी आणावी, बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, विडी-काडी व मोबाइल दूर ठेवावेत. पेट्रोल उपसण्यासाठी विजेचा साधा पंप वापरू नये व नळी तोंडाने ओढू नये. वाळू भरलेल्या बादल्या जवळ असाव्यात.

१. होडी अशी कलती करावी, की टाकीचा एक कोपरा सर्वांत खाली येईल. रात्रभर स्थिर ठेवावी, म्हणजे पाणी व गाळ त्या कोपऱ्यात जमतील.

२. तळाला निचऱ्याचा बोल्ट असल्यास तेथून, नसल्यास लांब नळी लावलेल्या हातपंपाने, प्रथम तळचा साठा काढावा. तो स्वतंत्र डब्यात ठेवावा. स्वच्छ इंधन येऊ लागल्यावर डबा बदलावा.

३. टाकी पूर्ण रिकामी करावी. शक्य असल्यास ती होडीतून काढून घ्यावी. इंधन मोजण्याचा तरफा व ओढनळी बाहेर काढून नळीच्या टोकावरील जाळी साफ करावी. पुष्कळ वेळा सर्व अडथळा या लहानशा जाळीतच आढळतो.

४. डिझेलची टाकी थोड्या स्वच्छ डिझेलने दोन-तीन वेळा खळबळून धुवावी. पाण्याने धुऊ नये. धुण्याचे पाणी पूर्णपणे वाळविणे कठीण असते. आत हात पोहोचत असल्यास तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसावे. सुती बोळा वापरल्यास त्याचे धागे पुढे गाळणीत जातात. अॅल्युमिनियमच्या टाकीस कॉस्टिक सोडा लावू नये. तो धातू खातो.

५. टाकी गळत असल्यास ती रिकामी दिसते म्हणून वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. हे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे. पत्रा जागोजागी कुरतडला असल्यास नवी टाकी घेणे अखेर स्वस्त पडते.

६. झाकणाची चकती बदलावी व हवेच्या नळीचे तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळी लावावी.

काढलेले डिझेल एक दिवस स्थिर ठेवून वरचा स्वच्छ भाग गाळून घेता येतो. तळचा भाग वापरू नये. दूषित इंधन नदीत, जलाशयात किंवा विहिरीजवळ ओतू नये. शिवसागराचा परिसर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाशी निगडित आहे, आणि कृष्णेच्या पाण्यावर खालच्या अनेक गावांची तहान भागते. असे इंधन बंद डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.

गाळण्यांची मांडणी व बदल

टाकी स्वच्छ झाल्यावरच नव्या गाळण्या बसवाव्यात. जुन्या होडीत टाकी व यंत्र यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारी गाळणी नसल्यास ती अवश्य बसवावी. तिच्या खालच्या वाटीत पाणी साचते व निचऱ्याच्या तोटीतून काढून टाकता येते. ही पहिली गाळणी साधारण १० ते ३० मायक्रॉनची असते आणि यंत्रावरील दुसरी त्याहून बारीक. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या गाळण्यांचे काम किती नाजूक आहे हे ध्यानात येईल. डिझेल पंपातील दट्ट्या व त्याचे घर यांतील फट तर अवघी काही मायक्रॉन असते. तेथे गेलेले पाणी व गंज सर्वांत महागडा भाग निकामी करतात.

गाळणी बदलताना जुने रबरी कडे यंत्रावर चिकटून राहिलेले नाही याची खात्री करावी. नव्या कड्यास स्वच्छ इंधनाचा हात लावून गाळणी हाताने आवळावी. डिझेल यंत्रावरील बारीक गाळणीत वरून न गाळलेले इंधन ओतू नये. हाताच्या पंपानेच ती भरावी. त्यानंतर हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारावा. शेतावर तेल-इंजिन हाताळलेल्या शेतकऱ्यास ही क्रिया ठाऊक असतेच. काढलेली गाळणी फेकण्यापूर्वी कापून पाहावी. तिच्यातील घाणीवरून टाकीची अवस्था कळते. प्रत्येक होडीत प्रत्येक प्रकारची निदान एक गाळणी व ती काढण्याचा पाना राखीव असावा.

टाकी पुरात बुडाली असल्यास

होडीची, तेल-इंजिनाची किंवा ट्रॅक्टरची टाकी पुराच्या पाण्याखाली गेली असल्यास यंत्र मुळीच फिरवून पाहू नये. टाकी, नळ्या, गाळण्या व यंत्रातील वंगणाचे तेल ही सर्व रिकामी करावीत, टाकी वरीलप्रमाणे धुवावी, गाळण्या नव्या घालाव्यात व सिलिंडरमध्ये पाणी नाही याची कारागिराकडून खात्री करून घ्यावी. घाईने एकदा फिरविलेले यंत्र दुरुस्तीपलीकडे जाऊ शकते.

वर्षाचे वेळापत्रक

*दिवाळीच्या सुमारास* पूरकाळातील होड्यांचे पेट्रोल पूर्णपणे काढावे. ते चांगले असल्यास लगेच इतर वाहनांत वापरावे. मात्र ज्या जुन्या यंत्रांत पेट्रोलमध्ये तेल मिसळतात, त्यांचे मिश्रण चारचाकीत घालू नये. कार्बोरेटरमधील पेट्रोलही काढून टाकावे.

*अक्षय्य तृतीयेच्या सुमारास* टाकी उघडून पाहावी, नळ्या, पेट्रोल चढविण्याचा रबरी फुगा व चकत्या तपासाव्यात, आणि गाळण्या बदलाव्यात.

*मृगापूर्वी* ताजे इंधन भरून होडी पाण्यात, माणसांइतका भार ठेवून, निदान अर्धा तास चालवावी.

*पावसाळ्यात* दर आठवड्यास पंधरा मिनिटे यंत्र चालवावे. ते नेहमी पाण्यात बुडवूनच चालवावे, अन्यथा तापून खराब होईल. गाळणीची वाटी त्याच वेळी निचरावी. पेट्रोल महिन्याहून अधिक काळ ठेवू नये.

शिवसागरावरील लाँच बारमाही चालत असल्याने तिच्या गाळणीची वाटी रोज सकाळी, यंत्र सुरू करण्यापूर्वी निचरावी व संध्याकाळी डिझेलची टाकी भरून ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी होडीसाठी एक वही ठेवावी. इंधन कधी भरले, गाळणी कधी बदलली, वाटीत पाणी किती निघाले, यंत्र कोणी चालविले, याची नोंद तारखेसह करावी. वाटीतील पाणी आठवड्यागणिक वाढत असल्यास टाकीत ते कोठून तरी शिरत आहे, हे वहीवरूनच समजेल. हे काम एकाच माणसावर न सोपविता गावातील दोन-तीन तरुणांस शिकवावे.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट धरली जाते. पाणी चाळीस फुटांवर आल्याची वर्दी गावात येते, तेव्हा टाकी धुण्यास अवधी उरलेला नसतो. ते काम वैशाखातल्या उन्हात, काठावर, निवांतपणे करावयाचे असते. बाटलीभर इंधनाची तपासणी, एक चकती आणि दोन गाळण्या एवढाच त्याचा खर्च. आणि त्यावर पुराच्या दिवशी छपरावर बसून वाट पाहणाऱ्या कुटुंबाचा जीव अवलंबून असतो.